अक्षय भात्याचा शोध

बंदुकीत काडतुसे साठविणाऱ्या पेटीला आपले जवान आणि पोलीस 'मॅगझिन' म्हणतात. शब्द इंग्रजीतून आला खरा, पण त्याचे मूळ अरबी आहे. 'मखजन' म्हणजे कोठार, साठ्याची जागा; आणि ज्या धातूपासून हा शब्द झाला त्याच धातूपासून आपला 'खजिना' झाला. दोन शतकांहून अधिक काळ निजामी अमलाखाली राहिलेल्या आपल्या या शहराला खजिना या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. विलायतेत दारूगोळ्याच्या कोठाराला मॅगझिन म्हणत. पुढे १७३१ साली लंडनमध्ये एका प्रकाशकाने आपल्या नियतकालिकाला तेच नाव दिले, कारण त्यात नाना विषयांवरील लेखांचा साठा होता. अशा रीतीने आपण आवडीने वाचतो ती मासिके आणि शिपायाच्या कमरेची काडतुसांची पेटी ही एकाच कुळातील भावंडे ठरतात. आज आम्ही बोलणार आहोत ते यांपैकी दुसऱ्या भावंडाविषयी.

वसंतातील या व्याख्यानांत हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, लढायांचा इतिहास आपण राजे, सेनापती आणि तह यांच्या अंगाने पुष्कळ ऐकतो. परंतु प्रत्यक्ष रणांगणावर माणसाचे जगणे-मरणे एका लहानशा गोष्टीवर अवलंबून असे. एक बार उडाल्यानंतर दुसरा बार किती वेळाने उडतो, ही ती गोष्ट. या मधल्या वेळेला आपण 'रिता क्षण' म्हणू. हा रिता क्षण नाहीसा करण्याची माणसाची धडपड म्हणजेच मॅगझिनचा इतिहास होय.

ही इच्छा फार जुनी आहे. खांडववन जाळण्यापूर्वी अग्नीने वरुणाकडून अर्जुनाला गांडीव धनुष्य मिळवून दिले, त्याबरोबर दोन अक्षय भातेही दिले. नुसते उत्तम धनुष्य पुरत नाही, बाण संपता कामा नयेत, हे व्यासांनी नेमके हेरले होते. पण अक्षय भाता देवाच्या हातचा. माणसाच्या हाती आली ती ठासणीची बंदूक.

या बंदुकीचा व्यवहार कसा असे पाहा. नळीत तोंडाकडून दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, कानात बारीक दारू घालायची, पेटता तोडा सावरायचा, नेम धरायचा आणि मग चाप ओढायचा. सरावलेल्या शिपायालाही एका मिनिटात दोन-तीन बारांपलीकडे जाणे कठीण. तोफेची गत याहून मंद. आपल्या दौलताबादेवर मेंढ्याच्या तोंडाची प्रचंड तोफ आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्यावर औरंगजेबाचे नाव कोरलेले आहे आणि तिला 'किल्लाशिकन', म्हणजे किल्ला फोडणारी, असे नाव आहे. परंतु ही किल्ला फोडणारीसुद्धा एक गोळा टाकला की मुकी होई; नळी पुसून, दारू भरून, गोळा ढकलून पुन्हा बत्ती देईपर्यंत शत्रूला अवसर मिळे. खंदक, वळणावळणाचे दरवाजे, दौलताबादेची ती प्रसिद्ध अंधारी, ही सारी रचना हल्लेखोराला रखडविण्यासाठी होती. त्याला जितका वेळ अडवून धराल तितके बार तुमच्या पदरात, हे गणित त्यामागे होते.

रिता क्षण बुजविण्याचा एक धाडसी प्रयत्न झाला, आणि त्याचा धागा आपल्या दक्षिणेशी जुळतो. फतहुल्ला शिराझी हा इराणी पंडित विजापूरच्या अली आदिलशहाच्या बोलावण्यावरून दक्षिणेत आला. १५८० साली आदिलशहाचा अंत झाल्यावर काही काळाने अकबराने त्याला बोलावून घेतले. सतरा नळ्या एकत्र जोडून एकाच बत्तीने पेटविण्याची एक तोफ त्या काळी तयार झाली, तिचे वर्णन अबुल फझलाच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. अबुल फझल श्रेय अर्थातच बादशहाला देतो. पुढील अभ्यासकांनी ते शिराझीच्या नावे लिहिले. श्रेय कोणाचेही असो, युक्तीचे मर्म असे की, ही सतरा बारांची एक बंदूक नव्हती. एकत्र बांधलेल्या सतरा बंदुका होत्या. सतरा बार झाले की सतराही नळ्या रित्या! ओझे सतरापट झाले, पण रिता क्षण गेला नाही; तो फक्त पुढे ढकलला गेला. यापुढील प्रत्येक शोधात हेच घडलेले आपल्याला दिसेल.

खरी प्रगती होण्यासाठी दारू आणि गोळी एका वेष्टनात यावी लागली. ते वेष्टन प्रथम कागदाचे होते व दातांनी फाडावे लागे. १८५७ साली या काडतुसाने उत्तर हिंदुस्थानात कोणता वणवा पेटविला हे आपण जाणतोच. त्याच वर्षी जून महिन्यात आपल्या औरंगाबाद छावणीतील हैदराबाद कंटिंजंटचे घोडदळही बिथरले. तेथे निमित्त काडतुसाचे नव्हते. उत्तरेत स्वकीयांवर चालून जावे लागेल ही शंका होती. पण कागदाच्या पुडीवरून साम्राज्य हादरू शकते, हे त्या साली सिद्ध झाले.

नंतर धातूचे काडतूस आले. ते कडक, आकाराने सारखे, ओलाव्याला न भिणारे. म्हणून ते एकापुढे एक रचून ठेवता येऊ लागले. अमेरिकेत १८६० च्या सुमारास स्पेन्सरने बंदुकीच्या दस्त्यात सात काडतुसांची नळी बसविली. हेन्रीच्या रायफलीत नळीखालील दुसऱ्या नळीत पंधरा-सोळा काडतुसे राहत. पण या नळीत एका काडतुसाचे टोक पुढच्याच्या बुडाला टेकते, आणि काडतुसाचा पेट घेणारा भाग नेमका बुडाशीच असतो. गोळ्या बोथट होत्या तोवर चालले. टोकदार गोळ्या आल्या तेव्हा शिपायाच्या हातातच स्फोट होण्याचे भय उभे राहिले. तेव्हा काडतुसे एकापुढे एक न ठेवता एकावर एक ठेवावी, हा विचार पुढे आला. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जेम्स पॅरिस ली याने १८७९ साली अमेरिकेत अशा पेटीचे पेटंट घेतले. खाली स्प्रिंग, वर काडतुसांची चळत; वरचे गेले की खालचे वर येते. ज्याला आपण 'थ्री नॉट थ्री' म्हणून ओळखतो त्या ली-एन्फिल्ड रायफलीतील दहा काडतुसांची पेटी ही याच लीची देणगी.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. सोय झाली तरी तिचे स्वागत झाले नाही. शिपाई उधळेपणाने काडतुसे जाळतील अशी सेनाधिकाऱ्यांना धास्ती वाटली. म्हणून सुरुवातीच्या या रायफलींत पेटीच्या तोंडावर एक सरकती पट्टी बसविली होती. पट्टी लावून ठेवायची, हाताने एकेक काडतूस भरून लढायचे, आणि पेटीतील दहा काडतुसे निकराच्या प्रसंगासाठी राखायची, असा दंडक होता. खजिना दिला, पण त्यावर खजिनदारही बसविला!

१८८४ साली हायरम मॅक्झिमने हा खजिनदार कायमचा हाकलला. बार होताना बंदूक मागे जो धक्का देते, त्याच धक्क्याने पुढचे काडतूस भरण्याची युक्ती त्याने काढली. अडीचशे काडतुसांचा कापडी पट्टा तिच्यात सरकत जाई. आफ्रिकेत आणि आशियात या यंत्राने काय केले तो साम्राज्यशाहीच्या इतिहासातील काळा भाग आहे. परंतु मॅक्झिमची तोफ तीन-चार माणसांनी ओढायची. एका शिपायाने उचलून धावायची बंदूक हवी, तर पट्टा सोडून पुन्हा पेटीकडे यावे लागले. पहिल्या महायुद्धात लुईस गनच्या डोक्यावर ४७ काडतुसांची तबकडी असे. फ्रेंचांच्या शोशा बंदुकीची अर्धचंद्राकृती पेटी किती काडतुसे उरली ते दिसावे म्हणून एका बाजूने उघडी ठेवली होती. त्या झरोक्यातून खंदकातला चिखल आत शिरला, आणि ऐन वेळी बंदुका अडू लागल्या.

हिंदी सैन्यासाठी १९३३ पासून ईशापूरच्या कारखान्यात व्हिकर्स-बर्थिए ही हलकी मशीनगन तयार होऊ लागली; पुढे ब्रेन गन आली. दोहोंच्या माथ्यावर तीस काडतुसांची वाकडी पेटी असे. ती वाकडी का? थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाच्या बुडाला पुढे आलेली कड असते. बांधणीकडे जाड झालेल्या चोपड्यांची चळत रचली तर ती जशी एका बाजूला वळते, तशी या काडतुसांची चळतही वळते. पेटीने त्या वळणाला मान दिला, इतकेच. आणि पेटी तिसांची असली तरी जाणते शिपाई तिच्यात अठ्ठावीसच भरीत. स्प्रिंग अखेरपर्यंत दाबली की काडतूस अडण्याचा संभव वाढतो. कारागिराने तीस सांगितले, अनुभवाने अठ्ठावीस ठरविले.

मोठ्या पेटीचा मोह पुरता उघडा पडला तो टॉमीगनच्या बाबतीत. या अमेरिकी बंदुकीला पन्नास आणि शंभर काडतुसांचे वाटोळे डबे मिळत. चित्रपटांतून ते आपल्या परिचयाचे आहेत. युद्धावर मात ते जड पडले. रात्री चालताना आतील काडतुसे खडखडत आणि शत्रूला सुगावा लागे. म्हणून सैन्याने वीस व तीस काडतुसांच्या साध्या सरळ पेट्या पसंत केल्या. परंतु टॉमीगनचा वेग मिनिटाला सुमारे ७०० बारांचा. चाप धरून ठेवला तर वीसांची पेटी दोन सेकंदांच्या आत संपते. यंत्र जितके वेगवान, तितका रिता क्षण लवकर समोर उभा राहतो.

हे गणित एका मराठी माणसाने आपल्या प्राणाने सोडविले. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक कंपनी शत्रूच्या ठाण्यावर चालून गेली. नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. घाडगे वगळता सारे जण मेले किंवा जखमी झाले. बरोबर कोणी उरले नाही हे ठाऊक असता हा बावीस वर्षांचा कुलाबा जिल्ह्यातील जवान एकटा धावला. हातबॉम्ब टाकून त्याने मशीनगन व तिचा चालक निकामी केला. टॉमीगनने आणखी एकाला टिपले. दोघे उरले. मॅगझिन बदलण्यास वेळ नव्हता, असे व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात स्पष्ट नमूद आहे. त्याने बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याच्या घावांनी त्या दोघांना लोळविले. एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून तो पडला. माणगावला त्याचा पुतळा आहे.

महाभारताच्या मौसलपर्वात असाच प्रसंग आहे. द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनाला आभीरांनी गाठले, आणि त्याचे अक्षय भाते त्या दिवशी रिते झाले. तेव्हा त्याने धनुष्याच्या टोकांनी मारा केला, पण त्याला यश आले नाही. देवदत्त भात्याला जे साधले नाही, ते माणगावच्या शेतकऱ्याच्या पोराने रित्या टॉमीगनने साधले. पुढल्याच वर्षी, ९ एप्रिल १९४५ रोजी, सेनिओ नदीकाठी आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव यांचा हात जखमी झाला. टॉमीगन चालविता येईना, तेव्हा त्यांनी ती फेकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. ते संपत आले तसे बांधाच्या माथ्यावर सरपटत जाऊन पलीकडल्या सोबत्यांकडून पुन्हा आणले, आणि शत्रूची ठाणी उडविली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे मॅगझिन त्या वेळी बांधापलीकडचे सोबती होते, असे म्हटले तर चूक होणार नाही.

शिपायाच्या कमरेची पेटी ही अखेर शेवटची कोठी. तिच्यामागे मोठी कोठारे असावी लागतात. १८६९ पासूनचा खडकीचा दारूगोळा कारखाना आणि १९६४ साली उभा राहिलेला वरणगावचा काडतुसांचा कारखाना ही महाराष्ट्रातील तशी कोठारे होत.

महायुद्धानंतर जगाने एक मर्यादा मान्य केली. रशियनांच्या पापाशा बंदुकीला ७१ काडतुसांचा डबा होता. युद्ध चालू असतानाच त्यांनी ३५ ची साधी पेटी काढली, आणि पुढील कलाश्निकोव्ह तीसांवर स्थिरावली. आपली एसएलआर वीसांची. नव्वदीनंतरच्या इन्सास रायफलीला आतील काडतुसे दिसणारी प्लास्टिकची पेटी दिली गेली. १९९९ साली कारगिलच्या थंडीत अशा पेट्या तडकल्याच्या तक्रारी आल्या. शोशाच्या झरोक्याची आठवण यावी असेच हे आहे.

इथवर आपण शिपायाच्या बाजूने पाहिले. पण तीच पेटी नागरिकांवर रोखली जाते तेव्हा गणित उलटे होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत दहशतवाद्यांच्या हाती तीस काडतुसांच्या पेट्यांच्या बंदुका होत्या आणि पुष्कळशा पोलिसांच्या हाती जुन्या रायफली व लाठ्या. मध्यरात्रीनंतर गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरली. रिता क्षण येण्याची वाट पाहण्यास सवड नव्हती. भरलेली पेटी त्यांनी आपल्या देहावर घेतली. कसाब जिवंत हाती आला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

अमेरिकेत ८ जानेवारी २०११ रोजी टुसॉन शहरी एका माथेफिरूने ३३ काडतुसांची पेटी जमावावर रिती केली. तो दुसरी भरू लागला त्या क्षणी लोकांनी त्याच्यावर झेप घेतली, आणि एका स्त्रीने ती पेटी त्याला मिळू दिली नाही. ती पहिली पेटी दहाची असती तर किती जण वाचले असते, हा प्रश्न त्या देशात तेव्हापासून विचारला जात आहे. १९९४ ते २००४ अशी दहा वर्षे तेथे दहाहून अधिक काडतुसांच्या नव्या पेट्या नागरिकांना विकण्यास बंदी होती. मुदत संपली आणि कायदाही संपला. न्यूझीलंडने ख्राइस्टचर्चच्या हत्याकांडानंतर २०१९ साली आपले कायदे कडक केले.

म्हणजे ज्या रित्या क्षणाने यशवंत घाडग्यांना संकटात टाकले, त्याच रित्या क्षणाने टुसॉनच्या लोकांना वाचविले. सीमेवरील जवानाचा भाता रिता होऊ नये, हे पाहणे राष्ट्राचे कर्तव्य आहे. पण बाजारात, स्थानकात, शाळेत कोणाच्याही हाती अक्षय भाता पडू नये, हे पाहणेही त्याच राष्ट्राचे कर्तव्य आहे. यंत्र तयार करणाऱ्याला ही दोन कर्तव्ये वेगळी करता येत नाहीत. त्याची पेटी दोन्हीकडे सारखीच चालते. ती वेगळी करण्याचे काम कायद्याचे, आणि कायदा करणारे प्रतिनिधी निवडून देणाऱ्या आपणा नागरिकांचे आहे.