वीट पडण्याआधीचा दोष

आज आपण एक साधा प्रश्न घेऊ. वरून वीट पडून माणूस मेला तर दोष कुणाचा, हे आपण नेहमीच विचारतो. पण ती पडण्याआधी दोष असतो का?

सुरुवात आपल्या अमरावतीच्या परकोटापासून करू. पेंढाऱ्यांच्या भीतीनं निजाम सरकारनं 1807 मध्ये तो बांधायला घेतला. घेर सुमारे सव्वादोन मैल, उंची 20 ते 26 फूट, पाच वेशी, चार खिडक्या. खुनारी खिडकीचं नाव कसं पडलं हे गॅझेटियर सांगतं: 1818 मध्ये तिच्याजवळ सुमारे 700 माणसं मारली गेली. पण एवढा दगड 26 फुटांवर चढवताना किती गवंडी, किती बेलदार खाली आले? मजुराचं मरण तेव्हा नोंदीची बाबच नव्हती.

ही सवय फार जुनी. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकात बाबिलोनच्या हम्मुराबीनं कायदा केला. घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड, मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला. गुलाम मेला तर बदल्यात गुलाम. कडक कायदा! पण भिंत उभारताना मेलेल्या मजुराचं कलम त्यात नाही.

रोमन लोकांनी मात्र एक विलक्षण पाऊल टाकलं. जिथून लोक येतात-जातात, अशा जागेवरच्या छज्जावर, पडली तर इजा होईल अशी वस्तू ठेवली की दहा सुवर्णनाण्यांचा दंड. वस्तू पडायची वाट पाहायची नाही. कुणाला खरचटलंही नाही, तरी दोष आहे. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या आम्हा लोकांना हे फार मोलाचं वाटतं, कारण इथे धोका निर्माण करणं हेच कृत्य धरलंय; पुढे काय झालं हा नशिबाचा भाग.

आपल्याकडे 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा आला, तो पुन्हा पडल्यानंतरचा. पडण्याआधीचा विचार खऱ्या अर्थानं आला 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात आणि 1998 च्या केंद्रीय नियमांत. परांचीच्या फळीला कडेनं उभी पट्टी हवी, म्हणजे थापी किंवा वीट पायानं सरकून खाली जात नाही. इमारत 15 मीटर किंवा त्याहून उंच होणार असेल तर भोवती किमान दोन मीटर रुंदीचं छत हवं, जमिनीपासून पाच मीटरच्या आत.

पण आकडे बघा. कायदा लागू व्हायला किमान दहा कामगार लागतात. आता तो 2020 च्या संहितेत सामावला, दहाचा आकडा तसाच. अकोल्यात, अमरावतीत गल्लीतलं घर बांधायला किती माणसं असतात? एक गवंडी, एक मिस्त्री, तीन-चार मजूर, त्यात दोन बाया. इमारत तीन मजली, म्हणजे पंधरा मीटरच्या खालीच. नऊ मीटरवरून निसटलेली वीट जमिनीला लागते तेव्हा तिचा वेग ताशी 48 किलोमीटरच्या आसपास असतो. खाली डोक्यावर घमेलं घेतलेली बाई असते, हेल्मेट नव्हे.

30 ऑक्टोबर 2022 ला अमरावतीच्या प्रभात चौकात जुनी इमारत कोसळून पाच जण गेले. ती परांचीची घटना नव्हती. पण चर्चा कशी झाली आठवा: मदत किती, गुन्हा कुणावर. हम्मुराबीचेच प्रश्न! आदल्या दिवशी त्या इमारतीखालून जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर तोच धोका होता.

आता व्यवहाराचं बोलू. आपल्याकडे गवंडी चौरस फुटाच्या भावानं काम घेतो. सिमेंट, सळई, रेती यांचा हिशेब मालक करतो. परांची त्या भावातच गृहीत. मग बल्ल्या जुन्या, दोर कुजका, पट्टी तर नाहीच. पट्टीचा पैसा गवंड्याच्या खिशातून जातो, म्हणून ती लागत नाही. त्याला दोष देणं सोपं आहे. घर बांधणाऱ्या मालकानं परांची, कडेची पट्टी आणि खाली रस्ता अडवायचा दोर, हे भावात न धरता वेगळं कलम म्हणून अंदाजपत्रकात लिहावं आणि त्याचे पैसे वेगळे द्यावेत. घरच्या पूजेचा खर्च आपण वेगळा लिहितोच ना?