विद्यार्थ्याची संचिका : पिशवीपासून संगणकापर्यंत

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आपल्याला किती गुण मिळाले हे मुलगा तत्काळ सांगतो. परंतु वर्षभरात तू काय शिकलास, असे विचारले की तो घुटमळतो. गुण दुसऱ्याने दिलेले असतात, शिकणे मात्र त्याचे स्वतःचे असते. या दोहोंतील अंतर मिटविण्याचा एक प्रयत्न म्हणजे विद्यार्थ्याची संचिका. आज ती संगणकावर ठेवली जात असली, तरी तिचे कूळ जुने आहे.

‘पोर्टफोलिओ’ हा शब्द इटालियन भाषेतला. पाने वाहून नेण्याचे साधन हा त्याचा मूळ अर्थ. चित्रकार आपली रेखाटने अशा पिशवीत जपून ठेवीत. अठराव्या शतकात अमेरिकेतील बेंजामिन फ्रँक्लिन यांनी निराळीच वही केली. त्यांनी तेरा सद्गुण निवडले, तांबड्या शाईने सात वारांचे रकाने आखले आणि चूक घडली की त्या रकान्यात काळा ठिपका द्यावयाचा, असा नेम धरला. ठिपके घटताना पाहून त्यांना समाधान वाटे. येथे परीक्षकही तेच आणि परीक्षार्थीही तेच! चित्रकाराची पिशवी आणि फ्रँक्लिनची वही यांचा मिलाफ म्हणजे शाळेतील संचिका होय.

१९८० नंतरच्या दशकात हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ने पिट्सबर्गच्या शाळांतून हा प्रयोग केला. तेथे केवळ उत्तम कृतीच नव्हे, तर खोडलेले मसुदे आणि फसलेले प्रयत्नही जपले जात. कारण वाढ दिसते ती त्यांतूनच. पुढे व्हर्माँट राज्याने १९९१-९२ मध्ये चौथी व आठवीच्या मुलांच्या गणित आणि लेखनाच्या संचिका राज्यव्यापी मूल्यमापनासाठी घेतल्या. तेव्हा एकाच संचिकेला दोन परीक्षक भिन्न गुण देतात, असे ‘रँड’ संस्थेच्या पाहणीत आढळले. शिकण्यासाठी केलेली वस्तू तोलण्यासाठी वापरली, म्हणजे हा पेच उभा राहतो.

युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषा-संचिका रूढ केली. ‘मला अमुक करता येते’ अशा विधानांवरून विद्यार्थी तीत स्वतःच आपली पातळी ठरवितो. २००६ मध्ये न्यूझीलंडमध्ये ‘माहारा’ ही संगणकीय संचिकेची प्रणाली सुरू झाली. माओरी भाषेतील या शब्दाचा अर्थ विचार करणे. नाव अन्वर्थक आहे. संगणकावर आवाज, चित्रफीत, लेख सारे एकत्र राहते; जूनमधील वाचन आणि मार्चमधील वाचन लागोपाठ ऐकता येते. पण मुलाने ऐकून विचारच केला नाही, तर ती नुसती अडगळ!

आपल्याकडे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २००९ मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. हेतू चांगला होता. तथापि नोंदी भरता भरता शिक्षक थकले आणि २०१७ मध्ये ती पद्धती मागे घेण्यात आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपत्रकात विद्यार्थ्याच्या स्वयंमूल्यमापनाला पुन्हा स्थान दिले आहे.

या साऱ्या इतिहासाचे सार एवढेच की, संचिका कशात ठेवली यापेक्षा ती कोणासाठी ठेवली याला महत्त्व आहे. कचेरीसाठी भरलेली संचिका कपाटात जाते, मग ते कपाट लाकडाचे असो वा विजेचे. मुलाने स्वतःसाठी ठेवलेली संचिका मात्र, ‘काल मला हे येत नव्हते, आज येते,’ असे त्याच्याच तोंडून वदविते.