मालवणला सवड काढून जावे

गोव्याकडे निघालेले पर्यटक मालवणला बहुधा एका दुपारपुरते थांबतात. माशाचे जेवण आणि किल्ल्याची धावती फेरी, एवढ्यावर समाधान मानतात. वास्तविक एकट्या सिंधुदुर्ग किल्ल्यालाच अर्धा दिवस द्यायला हवा. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याची उभारणी सुरू केली. तटावरून चहूकडे खारा समुद्र दिसतो. आत मात्र दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. या पाण्यावाचून येथे शिबंदी राहिलीच नसती. राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिरही आवर्जून पाहावे. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला, त्यांत सिंधुदुर्ग आहे आणि उत्तरेकडचा विजयदुर्गही. पावसाळ्यात होड्या बंद असल्याने किल्ला किनाऱ्यावरूनच पाहावा लागतो, म्हणून दिवाळीनंतर जाणे उत्तम.

दक्षिणेला तारकर्लीपुढे देवबागची चिंचोळी पट्टी आहे; एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. संगमाचे दृश्य रमणीय खरे, पण तेथे पाण्याला ओढ असते. स्थानिक मच्छीमारांना विचारल्याखेरीज पाण्यात उतरू नये.

गर्दीचा कंटाळा आल्यास झाडीत दडलेला धामापूरचा तलाव गाठावा. परतीच्या वाटेवर सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि राजवाड्यात रंगवले जाणारे गंजिफाचे गोल पत्ते पाहता येतात.

मालवणला रेल्वे नाही. कोकण रेल्वेने कुडाळला उतरून एसटीने पुढे जावे.