मोरस बेट

ज्यांच्या घरी आजी-पणजींच्या तोंडची भाषा काही काळ टिकून होती, त्यांनी 'मोरस साखर' हा शब्द खचित ऐकला असेल. गूळ हा आपला घरचा. शुभ्र दाणेदार साखर मात्र दीर्घ काळ परमुलखाची वस्तू होती, आणि ज्या मुलखाची ती, त्याचे नाव तिच्यामागे लागत असे. चिनी म्हणजे चीनची, मिस्री म्हणजे मिसर देशाची. त्याच न्यायाने मोरस म्हणजे मॉरिशसची. (आमच्या शेजारच्या मोरशी गावाशी ह्या शब्दाचे नाते कोणी जोडू नये, माझ्या वर्गात दरवर्षी एखादा विद्यार्थी ते जोडीतच असे.) बेटाचे नाव आपल्या स्वयंपाकघरातील डब्यात येऊन बसले, तरी ते बेट आहे कोठे, ह्याची चौकशी फारशी कोणी केली नाही.

आज स्थिती नेमकी उलटी झाली आहे. शब्द विस्मृतीत गेला आणि बेट सर्वांना ठाऊक झाले. वऱ्हाडातील गावोगावी सहलींचे रंगीत फलक लागतात. नवविवाहित दांपत्ये, जी पूर्वी चिखलदऱ्याला दोन दिवस जाऊन संतुष्ट होत, ती आता मुंबईहून विमानाने सहा-सात तासांत मॉरिशसला उतरतात. फलकावरील चित्रात निळे पाणी असते, पांढरी वाळू असते आणि सुरूच्या झाडांची सावली असते. चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि जे त्यातून सुटले आहे त्यात आपलीच माणसे आहेत. म्हणून आज ह्या बेटाविषयी चार शब्द बोलावेत असे मनात आले.

मॉरिशस हे विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे वीस अंशांवर, मादागास्करच्या पूर्वेस आठशेहून अधिक किलोमीटर अंतरावर आहे. क्षेत्रफळ 1,865 चौरस किलोमीटर. आपल्या एकट्या अमरावती जिल्ह्यात अशी सहा बेटे सहज मावतील. त्याचे सर्वोच्च शिखर 828 मीटर उंचीचे, म्हणजे आमच्या चिखलदऱ्याहून ठेंगणे. येथवर भूगोलाच्या पुस्तकातील माहिती झाली. पुढील गोष्ट मात्र वऱ्हाडवासीयाने विशेष लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहे.

परतवाड्याहून घाट चढू लागले की जो काळा कठीण दगड दोन्ही बाजूंस दिसतो, ज्याच्यावर गाविलगड उभा आहे आणि जो झिजून आपली कापसाची काळी जमीन झाली, तो सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेला लाव्हा होय. बहुतेक भूशास्त्रज्ञांचे मत असे की, तो लाव्हा ज्या खोल उष्णस्रोतातून आला, तो स्रोत अद्याप विझलेला नाही. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे राहिलेल्या त्या अग्नीने समुद्रतळावर एकामागून एक खुणा उमटविल्या. लक्षद्वीप, मालदीव व छागोस ही बेटे ज्या बुडालेल्या पर्वतरांगेवर प्रवाळांनी रचली आहेत, ती रांग ह्याच वाटेवरची. सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी त्याच अग्नीने मॉरिशस वर काढले, आणि आज शेजारच्या रियुनियन बेटावर तो ज्वालामुखीच्या रूपाने अधूनमधून भडकतो. म्हणजे आपली तरुण मंडळी ज्या बेटांवर विश्रांतीस जातात, त्यांतील कित्येकांचा जन्म आणि गाविलगडाच्या खडकाचा जन्म एकाच चुलीवरचा आहे! शामारेल येथील सप्तरंगी माती पाहावयास प्रवासी पैसे मोजतात. ती हाच काळा दगड कुजून झालेली आहे.

मग काळ्या दगडाच्या बेटाला पांढरी वाळू कोठून आली? ती प्रवाळांची देणगी. बेटाभोवती बहुतेक सर्व बाजूंनी प्रवाळांचा बांध आहे. समुद्राच्या लाटा त्याच्यावर फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे निवांत राहते. दक्षिणेस ग्री-ग्री नावाच्या ठिकाणी हा बांध तुटलेला आहे. तेथे महासागर थेट कड्यावर आदळतो, आणि तो बांध नसता तर सर्व किनारा कसा असता, हे तेथे उभे राहिले म्हणजे कळते.

ह्या बेटावर मूळचे रहिवासी कोणी नव्हते. अरब खलाशांस ते ठाऊक होते, पोर्तुगीज येऊन गेले. 1598 साली डच आले व आपल्या राजपुत्र मॉरिसचे नाव त्यांनी बेटाला दिले. 1638 मध्ये त्यांनी वसाहत केली, पुढल्या वर्षी जावाहून ऊस आणून लावला आणि 1710 मध्ये सर्व टाकून निघून गेले. त्यांच्या काळातच उडता न येणारा डोडो पक्षी नामशेष झाला. 1715 मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला. 1735 मध्ये आलेल्या लाबूर्दोने नावाच्या गव्हर्नराने पोर्ट लुई हे बंदर नावारूपास आणले. मळ्यांवर राबण्यास आफ्रिका व मादागास्करहून गुलाम आणले जात. पळालेले गुलाम नैर्ऋत्येच्या ल मोर्न नावाच्या उभ्या डोंगरावर लपत. त्याच डोंगराच्या पायथ्याशी आज बेटावरील अत्यंत महागडी हॉटेले आहेत. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले.

येथून साखरेची कथा सुरू होते. 1825 साली इंग्लंडने मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच खाली आणली, आणि बेटभर ऊस पसरला. दहा वर्षांनी, 1 फेब्रुवारी 1835 रोजी, गुलामगिरी बंद झाली. नुकसानभरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम दिली गेली, ती गुलामांस नव्हे, त्यांच्या मालकांस! मळेवाल्यांस आता स्वस्त हात हवे होते आणि त्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली.

आपल्याकडील माणसे तत्पूर्वीच तेथे पोचली होती, हे फारसे कोणास ठाऊक नसते. 1815 पासून बंगाल व मुंबई इलाख्यांतील जन्मठेपेचे कैदी मॉरिशसला धाडले जात व त्यांच्याकडून रस्ते बांधून घेतले जात. 1836 मध्ये चार्ल्स डार्विन तेथे उतरला, तेव्हा ह्या कैद्यांच्या चेहऱ्यांवरील तेज पाहून तो चकित झाला. कैद्यांच्या पाठोपाठ गिरमिटिये आले. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'अॅटलस' जहाजातून कलकत्त्याहून 36 मजूर उतरले. पुढील पाऊणशे वर्षांत ती संख्या साडेचार लाखांवर गेली. त्यात बिहारचे लोक सर्वाधिक, मद्रासकडचे त्यांच्याखालोखाल. मुंबई बंदरातून गेलेल्या थोड्यांत रत्नागिरी व आसपासच्या कोकणातील मराठी कुटुंबे होती. वऱ्हाड समुद्रापासून दूर, आणि 1860 नंतर अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला भाव आल्यावर येथे हातांची गरज घरीच होती. कोकणात जमीन थोडी व खडकाळ, आणि समुद्र दाराशी.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर सोळा दगडी पायऱ्या आहेत. मजूर त्या चढून आत जाई, तेथे त्याची नोंद होई, क्रमांक मिळे व पाच वर्षांचा करार गळ्यात पडे. महिन्याचा पगार साधारण पाच रुपये व शिधा. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. हिशेब शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या माणसाला ह्या वजाबाकीचा अर्थ सांगावा लागत नाही: आजारी मजूर महिनाअखेर मालकाचाच देणेकरी होई. 1867 च्या कायद्याने तर मळा सोडून फिरणाऱ्यास छायाचित्रासह परवाना जवळ बाळगणे भाग पडले. अखेर 1871 साली आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका युरोपियन मळेवाल्याच्या साह्याने 9,401 हिंदी मजुरांनी अर्ज केला, त्यावरून चौकशी आयोग नेमला गेला, आणि जाच हळूहळू उतरू लागला. आजही उसाच्या शेतात मधोमध काळ्या दगडांचे प्रचंड ढीग दिसतात. जमीन लागवडीस यावी म्हणून मजुरांनी ते दगड हातांनी वेचून रचले. माझ्या मते त्या बेटावरील सर्वात पाहण्यासारखी वास्तू तीच. पण सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ती कोठेच नसते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मळेवाले लहान तुकडे पाडून जमीन विकू लागले, तेव्हा पोटाला चिमटा घेऊन साठविलेल्या पैशांतून ह्या लोकांनी ती घेतली. पश्चिमेकडील कास्काव्हेल, मध्यभागातील हेनरिएटा वगैरे भागांत मराठी वस्त्या स्थिरावल्या. हेनरिएटा येथे 1896 साली भिवाजी कुटुंबाने गणेशोत्सव सुरू केला असे सांगतात. लोकमान्यांनी पुण्यात उत्सवाला सार्वजनिक रूप देऊन तेव्हा दोन-तीन वर्षेच झाली होती. आज गणेश चतुर्थीला सबंध देशात सरकारी सुटी असते. कोकणातील जाखडी नाचही तेथे जिवंत आहे.

देव टिकला, नाच टिकला. भाषेचे तसे म्हणता येत नाही. घरोघरी क्रिओल बोलली जाते. मराठी ही मुलांस शाळेतील विषय म्हणून भेटते. तिच्या शिक्षणाची सोय सरकारने केली आहे आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च अध्ययनही होते. तरी जी भाषा आई रागावताना वापरीत नाही, ती केवळ तासिकेच्या बळावर किती पिढ्या तगेल, ह्याविषयी मला शंका वाटते. मेळघाटातील कोरकू मुले माझ्यापुढे बसून मराठी शिकली. त्यांच्या घरच्या भाषेची ओढाताण मी जवळून पाहिली आहे. मोका येथे 2023 मध्ये शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला, तो आनंदाचाच प्रसंग. परंतु चार चांगली मराठी बालपुस्तके तेथे दर महिन्यास पोचली तर ती अधिक उपयोगी पडतील.

बेट 12 मार्च 1968 रोजी स्वतंत्र झाले. साखरेवरचा एकमेव भार पुढे कापडगिरण्यांनी व प्रवाशांनी हलका केला. जुलै 2020 मध्ये 'वाकाशिओ' हे जपानी मालकीचे जहाज आग्नेयेकडील प्रवाळांवर चढले आणि सुमारे हजार टन तेल समुद्रात गेले. तेव्हा लोकांनी उसाचे वाळलेले पाचट कापडी पिशव्यांत भरून त्यांचे तरंगते बांध रातोरात शिवले व पाण्यावर सोडले. ज्या पिकासाठी पूर्वजांची पाठ मोडली, त्याचेच पाचट किनारा राखावयास कामी आले.

ज्यांना जावयाचे असेल त्यांनी पोर्ट लुईच्या त्या सोळा पायऱ्यांसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. 2006 पासून आप्रवासी घाट ह्या नावाने त्यांची गणना जागतिक वारशात होते. आणि शक्य तर भाद्रपदात जावे. दक्षिण गोलार्धात तेव्हा हिवाळा सरत आलेला असतो, शेतांत ऊसतोडणी चालू असते, आणि कास्काव्हेलच्या रस्त्यावर गणपतीच्या मिरवणुकीला उसाच्या गाड्यांमधून वाट काढावी लागते.