एरी रेशीम

एरी रेशीम हा ईशान्य भारतातील, विशेषतः आसाममधील, घरगुती संगोपनातून मिळणारा रेशमाचा प्रकार आहे. सामिया रिसिनी या पतंगाच्या अळीने विणलेल्या कोषांपासून तो तयार होतो. त्याला एंडी असेही म्हणतात. मेघालयातील खासी समाजात तो रिंडिया या नावाने ओळखला जातो. पाट (तुती रेशीम), मुगा आणि एरी ही आसामची तीन पारंपरिक रेशमे होत. पाट व मुगा यांना मानाचे वस्त्र समजले जाते, तर एरी हे ऊब देणारे, टिकाऊ व सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातील वस्त्र मानले गेले.

== नावाची व्युत्पत्ती ==

असमिया भाषेत एरंडाला ‘एरा’ म्हणतात. या अळीचे मुख्य खाद्य एरंडाची पाने असल्यामुळे रेशमालाही तेच नाव मिळाले. संस्कृत ‘एरण्ड’ हाच मराठीतील ‘एरंड’ या शब्दाचाही मूळ स्रोत आहे.

== जीवनक्रम ==

तुतीच्या रेशीमकिड्याप्रमाणेच एरीचा किडा पूर्णपणे माणसाळलेला आहे. अंडी, अळी, कोशित आणि पतंग या त्याच्या चार अवस्था आहेत. अळी चार वेळा कात टाकते व पाच वयांतून जाते. उन्हाळ्यात हा जीवनक्रम साधारण दीड महिन्यात पूर्ण होतो. थंडीत त्याला जवळजवळ दुप्पट काळ लागतो. त्यामुळे एका वर्षात अनेक पिके घेता येतात. कोष पांढरे किंवा विटकरी रंगाचे असतात.

== घरगुती संगोपन ==

मुगा किडे उघड्यावर झाडांवर वाढवले जातात. एरीचे संगोपन मात्र घरात किंवा घरालगतच्या छपरात होते. बोडो, राभा, कार्बी, मिसिंग आदी समाजांत हे काम प्रामुख्याने स्त्रिया शेती व घरकाम सांभाळून करतात.

मादी पतंगांना गवताच्या काड्यांच्या जुडीवर बसवून त्यांची अंडी मिळवतात. या जुडीला ‘खरिका’ म्हणतात. अंड्यांतून बाहेर आलेल्या अळ्या बांबूच्या सुपासारख्या पसरट पात्रांत ठेवून त्यांना एरंडाची कोवळी पाने देतात. अळ्या मोठ्या झाल्या की पानांच्या जुड्या बांधून आडव्या बांबूवर टांगतात व अळ्या त्यांवर सोडतात. एरंड कमी पडल्यास केसेरू या झाडाची पाने वापरतात. एकूण पाल्याचा बहुतांश भाग पाचव्या वयातील अळ्याच खातात. म्हणून ऐन वेळी पाला अपुरा पडणे ही या व्यवसायातील नेहमीची अडचण आहे.

ओली किंवा मळलेली पाने आणि दाटीवाटी यांमुळे रोग पसरतात. पेब्रिन हा रोग मादीकडून अंड्यांत उतरतो. त्यामुळे निरोगी बेण्याला फार महत्त्व आहे. मुंग्यांपासून बचावासाठी मांडणीचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवतात. पक्व झालेली अळी खाणे थांबवते. ती बोटांत धरून हलकेच फिरवली असता पोकळ आवाज येतो. अशा अळ्या वेचून सुक्या पानांच्या जुडीत, म्हणजे ‘जाली’त सोडतात. तेथे त्या दोन-तीन दिवसांत कोष पूर्ण करतात.

== कोषापासून सूत ==

तुतीच्या कोषातून एकच अखंड तंतू उलगडता येतो. एरीचा कोष एका टोकाला उघडा असून त्यातील तंतू सलग नसतो. त्यामुळे तो उलगडता येत नाही. कापसाप्रमाणे कातावा लागतो. रिकामे कोष राखेच्या क्षारयुक्त पाण्यात उकळून त्यांतील चिकट द्रव्य काढतात. मऊ झालेले कोष ताणून एकावर एक बसवतात आणि त्यांच्या चकत्या करून टकळीवर सूत काततात. हातमागावर त्यापासून चादरी, शाली व अन्य वस्त्रे विणली जातात. हे कापड आरंभी काहीसे जाड व रखरखीत असते. वापराने व धुण्याने ते मऊ होत जाते.

== ‘अहिंसा रेशीम’ ==

तुतीच्या कोषातून पतंग बाहेर पडल्यास अखंड तंतू तुटतो. म्हणून कोशित आतच मारले जाते. एरीच्या बाबतीत पतंग उडून गेल्यानंतरचा कोषही तितकाच उपयोगी असतो. यावरून एरीला ‘अहिंसा रेशीम’ म्हटले जाते. तथापि हे विशेषण सरसकट लावता येत नाही. ईशान्य भारतातील अनेक समाजांत एरीचे कोशित हे आवडीचे व प्रथिनयुक्त अन्न असून ते काढून घेतल्यावर कोष सुतासाठी ठेवतात. अनेक कुटुंबांच्या दृष्टीने अन्न व वस्त्र ही या संगोपनाची दोन्ही फळे समान मोलाची आहेत. एखादे वस्त्र अहिंसक आहे की नाही, हे रेशमाच्या जातीवरून नव्हे, तर कोष कसा रिकामा झाला यावरून ठरते.

== सद्यस्थिती ==

भारतातील एरी रेशमाच्या उत्पादनात आसाम अग्रेसर आहे. जोरहाट जिल्ह्यातील लाहदोईगड येथे केंद्रीय रेशीम मंडळाची मुगा व एरी यांविषयीची संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. गिरणीत कातलेले एरी सूतही आता मिळते. ते एकसारखे व वेगाने तयार होते. टकळीवरील कताई मात्र संथ असल्याने तिच्या श्रमाला पुरेसा मोबदला मिळणे कठीण जाते. एरंड तेलबियांसाठी लावला जातो, तेथे काही पाने काढूनही बियांचे पीक घेता येते. त्यामुळे ईशान्येबाहेरील एरंड पिकवणाऱ्या राज्यांतही जोडधंदा म्हणून एरीपालनाचे प्रयत्न झाले आहेत.