दोन इंजिनं आणि एक विहीर

जांब समर्थ हे माझं गाव. जालना जिल्हा, घनसावंगी तालुका. समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून लोक येतात, दर्शन घेतात आणि निघतात. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. मी तो पहिल्यांदा पाहिला इंजिनियरिंगला गेल्यावर. तरीही आगबोटींच्या इंजिनांवर लिहायला बसलोय, त्याला कारण आहे आमच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन.

एका सिलिंडरचं, हँडल मारून चालू होणारं. काही वर्षांनी ते ऑइल प्यायला लागायचं आणि निळसर धूर सोडायचं. मग मेस्त्री यायचे. नुसता आवाज ऐकून म्हणायचे, "रिंगा गेल्यात. खोलावं लागंल." खाली पोतं अंथरायचे आणि त्यावर एकेक भाग काढला त्याच क्रमानं मांडायचे. हेड, पिस्टन, कनेक्टिंग रॉड, बेअरिंगची टोपी. मी हात पुढे केला की म्हणायचे, "लेकरा, जिथलं तिथं. टोपी उलटी बसली तर शाफ्ट खाऊन टाकील."

वडील बांधावरून हाक मारायचे, "चल इकडं. तुला इंजिनियर व्हायचंय, हात काळे करायचे नाहीत."

मी इंजिनियर झालो. सॉफ्टवेअरचा. पाना हातात धरायची वेळ कधी आली नाही.

आता जरा मुंबईला जाऊ, 1829 सालात. त्या वर्षी मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट पाण्यात उतरली. लाकूडकाम इथलं, पण इंजिनं लंडनच्या मॉडस्ले यांच्या कारखान्यातली. दोन इंजिनं, प्रत्येकी 80 अश्वशक्तीची.

दोन कशाला? आमच्या विहिरीवरच्या इंजिनाला दोन जाडजूड फ्लायव्हील होती. पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली पोचला की क्रँक आणि रॉड एका रेषेत येतात. त्या जागेवर कितीही जोर दिला तरी शाफ्ट फिरत नाही. याला डेड सेंटर म्हणतात. फ्लायव्हीलच्या वजनामुळे गती टिकते आणि इंजिन तेवढी जागा पार करतं. आगबोटीत दोन इंजिनं शेजारी बसवून त्यांचे क्रँक एकमेकांशी काटकोनात ठेवत. एक डेड सेंटरवर अडकलं की दुसरं ऐन जोरात असतं. म्हणजे दोन इंजिनं फक्त वेगासाठी नव्हती. एकमेकांना अडल्या जागेतून ओढून काढण्यासाठी होती.

20 मार्च 1830 रोजी ही बोट मुंबईहून सुएझला निघाली. तिच्यात कोळसा मावायचा साडेपाच दिवसांचा, आणि एडनपर्यंतचा प्रवास अकरा दिवसांचा. मग खोल्यांमध्येही कोळसा भरला. एडनला पोचली तेव्हा जेमतेम काही तासांचा कोळसा उरला होता.

पोचली खरी, पण असली इंजिनं टिकवायची कशी? तेव्हा बॉयलरमध्ये समुद्राचंच पाणी भरत. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. त्याचे थर बसतात, धातू जास्त तापतो, पत्रा खराब होतो. आगबोट जितकी चाले तितकी तिची दुरुस्ती वाढे. इंजिन लंडनचं असलं तरी ते खोलून पुन्हा उभं करायला माणसं मुंबईतच हवी होती.

असाच एक माणूस वाडियांच्या घरात तयार होत होता. अर्देशिर कर्सेटजी, जन्म 1808. जहाजबांधणी घरातच होती, पण त्यांचं मन वाफेत. त्यांनी एक अश्वशक्तीचं छोटं इंजिन केलं आणि ते कशाला लावलं? विहिरीचं पाणी उपसायला! हे वाचलं तेव्हा मी मोबाइल बाजूला ठेवून हसलो. पुढे त्यांनी 60 टनांची 'इंडस' ही बोट बांधून तिच्यात वाफेचं इंजिन बसवलं. 1839 मध्ये ते इंग्लंडला गेले, तिथले कारखाने पाहिले, शिकले. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दुसरे रामानुजन, थेट 1918 मध्ये.

त्याच 1841 मध्ये ते मुंबईच्या सरकारी स्टीम फॅक्टरीचे मुख्य इंजिनियर झाले. त्यांच्या हाताखाली इंग्रज कामगारही असणार होते. 'बॉम्बे टाइम्स'ला हे पटेना. एतद्देशीय माणूस कितीही हुशार असला तरी इंग्रज कारागिरांवर देखरेख करू शकेल का, अशी शंका त्या पत्रानं काढली. अर्देशिर त्या जागेवर 1857 पर्यंत राहिले.

1841 ची आणखी एक गोष्ट. त्याच वर्षी जोसेफ व्हिटवर्थ यांनी लंडनमध्ये मांडलं की सगळ्या स्क्रूंचे आटे एकाच मापाचे असावेत. हे व्हिटवर्थही एकेकाळी मॉडस्लेंच्याच कारखान्यात काम केलेले. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका बोल्टचा नट दुसऱ्याला बसेल याची खात्री नसे. अशा काळात दोन सारखी दिसणारी इंजिनं एकाच वेळी खोलायची म्हणजे काय, याची कल्पना करा. डावीकडचं उजवीकडे गेलं की घोळ. शिवाय एकमेकांवर घासून झिजलेले भाग एकमेकांनाच ओळखतात. मेस्त्रींचं "जिथलं तिथं" हा त्यांचा हेका नव्हता, तो या कामातला जुना आणि पक्का नियम होता. आम्ही कोड बदलताना जुनी प्रत जपून ठेवतो, त्यांची ती प्रत पोत्यावर मांडलेली असे.

अर्देशिरांवर 1969 मध्ये टपाल तिकीट निघालं. पण बॉयलरमध्ये उतरून मिठाचे थर खरवडणारे, बेअरिंग घासून बसवणारे शेकडो हात त्यांच्याबरोबर होते. इंजिनियर हा शब्द त्यांच्यासाठी कुणी वापरला नाही. आमच्या मेस्त्रींसाठीही नाही. माझ्यासाठी मात्र कॉलेजच्या पहिल्या दिवसापासून सगळे वापरतात.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो. विजेची मोटर आल्यापासून इंजिन शेडमध्ये जाम होऊन पडलेलं. मेस्त्रींना आता नीट दिसत नाही. त्यांना खुर्चीवर बसवलं, पोतं अंथरलं, पाना मी घेतला. दोन दिवस ते सांगत होते आणि मी करत होतो. सगळं बसवून झालं तेव्हा पोत्यावर एक वायसर उरला होता. मी गुपचूप खिशात टाकणार, तेवढ्यात ते म्हणाले, "आवाज आला मला. पुन्हा खोल."

पुन्हा खोललं. तिसऱ्या दिवशी इंजिन चालू झालं. वडिलांनी माझ्या कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. डबड्यात थोडं डिझेल ओतलं आणि हात धुवायला पुढे केलं.