बिब्बा, पारा आणि तोंडातले वावडे

कर्जत-खालापूरच्या डोंगराकडच्या गावांत बिब्बा उतणे म्हणजे काय, हे मुलांना शिकवावे लागत नाही. बिब्ब्याचे तेल सरळ कातडीला लागले तर कोणालाही भाजल्यासारखे फोड येतील. पण एखाद्याला धोब्याने कपड्यावर केलेली बिब्ब्याची खूण मानेला घासली तरी पुरळ उठते. भारतातील अमेरिकन सैनिकांमध्ये अशा पुरळाची नोंद १९४३ साली झाली. पहिली नुसती इजा. दुसरे वावडे, म्हणजेच ॲलर्जी. दंतोपचारातील पदार्थांबाबतही हाच भेद करावा लागतो आणि तो उमगायला बराच काळ गेला.

चांदी-पाऱ्याच्या मिश्रणाने दात बुजवणे पॅरिसमध्ये १८२६च्या सुमारास सुरू झाले. पुढे १८४०च्या दशकात अमेरिकेतील दंतवैद्य त्यावरून कडाक्याने भांडले. भांडण विषबाधेचे होते. वावड्याची कल्पनाच तेव्हा नव्हती. १८९५ साली जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योसेफ याडासोन यांच्यापुढे पाऱ्याचे मलम लावल्याने अंग उतलेला रुग्ण आला. त्यांनी त्याच्या निरोगी कातडीवर पारा लावून तीच प्रतिक्रिया पुन्हा उठवून दाखवली. पट्टी-चाचणीचा जन्म तो हा. गंमत अशी की, ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला तो १९०६ साली. चाचणी आधी, बारसे मागाहून!

पारा किंवा निकेल यांचे आयन शरीरातील प्रथिनांना चिकटतात आणि काहींच्या टी-पेशी ही जोडी परकी म्हणून ओळखून ठेवतात. पहिल्या भेटीत काहीच जाणवत नाही. पुन्हा गाठ पडली की एक-दोन दिवसांनी दाह होतो. म्हणून चाचणीची पट्टी पाठीवर ४८ तास ठेवतात आणि काढल्यावर एक-दोन दिवसांनी ती जागा पुन्हा पाहतात. तोंडात लाळ हे पदार्थ सतत धुऊन नेते, त्यामुळे वावडे असूनही तोंडात अनेकदा काही दिसत नाही. दिसलेच तर बुजवलेल्या दाताला टेकणाऱ्या गालाच्या आत पांढुरक्या रेषांचे जाळे दिसते. चट्टा नेमका तिथेच असेल आणि पाऱ्याची चाचणीही तेच सांगत असेल, तर दातात दुसरा पदार्थ भरल्यावर तो बहुधा ओसरतो.

कवळीचे प्रकरण वेगळे. आजीचे तोंड झोंबते, म्हणजे तिला प्लॅस्टिक सोसत नाही, असा निकाल घरीच लागतो. कवळी डब्यात जाते आणि आजीची भाकरी सुटते. आम्हांला ही घाई महागाची वाटते. कारण बहुतेक वेळा दोष सैल कवळीचा असतो, किंवा रात्रीही ती न काढल्याने वाढलेल्या बुरशीचा. ॲक्रिलिकचे खरे वावडे क्वचितच आढळते. ते असते पूर्ण न जुळलेल्या मोनोमरचे. कवळी घालणाऱ्याच्या तोंडापेक्षा ती घडवणाऱ्या तंत्रज्ञाच्या बोटांनाच त्याचा त्रास अधिक होतो.

निकेलचे वावडे मात्र शिक्षकांना वर्गातच दिसू शकेल. जत्रेतल्या कानातल्यांनी काही मुलींच्या कानाच्या पाळ्या चिघळतात, त्यामागे पुष्कळदा निकेल असते. दातावर बसवायच्या स्वस्त टोप्या बहुधा निकेल-क्रोमियमच्या असतात. टोपीचे माप देण्यापूर्वीच कानातल्यांचा त्रास दंतवैद्याला सांगितला, तर निकेल नसलेली टोपी करता येते.